कर्ता कोणाला करायचं?

इचिकावातल्या ग्योतोकु भागात, जुन्या एदोगावाच्या काठी 1812 सालचा दगडी कंदील आहे. तिथल्या बाकावर सून जपानीचा गृहपाठ घेऊन बसली होती. शेजारी सासरे, मराठीचे निवृत्त शिक्षक.

सून : बाबा, निबंध माझ्या वडिलांवर, अण्णांवर लिहायचाय. ‘चिचि गा शिन्दा’ म्हणजे वडील वारले. जपानीच्या बाईंनी मात्र ‘चिचि नि शिनारेता’ सुचवलं. हा कर्मणी, पण ‘मरणे’ तर अकर्मक!

सासरे : अकर्मकाचा भावे प्रयोग पाणिनीलाही मान्य आहे.

सून : भावेत नवा माणूस येत नाही. इथे येतो. वारले अण्णा, वाक्याची कर्ती मात्र मी, तीही न उच्चारलेली. अण्णांना ‘नि’ हा विभक्तिप्रत्यय लागतो. पावसाचंही असंच. ‘अमे नि फुरारेता’ म्हणजे पाऊस पडला आणि त्याचा त्रास मला झाला.

सासरे : कर्म वर चढून कर्त्याच्या जागी बसतं, हे कर्मणीचं नेहमीचं स्पष्टीकरण. इथे चढायला कर्मच नाही. मग तू आलीस कुठून?

सून : भाषाशास्त्रज्ञ सुसुमु कुनो 1973च्या ग्रंथात सांगतात, की इथे एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य आहे. आत अण्णा वारतात, बाहेर मी ते सोसते. साध्या कर्मणीची घडण वेगळी. काही अभ्यासकांना दोन्हीकडे एकच घडण दिसते, पण मला कुनो पटतात. ‘बाईंकडून माझं कौतुक झालं’ यात सोसणं कुठे असतं?

सासरे : माझी अडचण वेगळी आहे. मरण त्यांचं आणि मुख्य जागा तुझी? वर त्रासाचं मूळ त्यांच्याकडे?

सून : ‘अण्णा मला पोरकं करून गेले’ असं आपणही म्हणतोच की. तिथे तर ते सरळ कर्ते आहेत.

सासरे : खरंय. पण तिथे ‘पोरकं’ हा शब्द तोंडाने उच्चारावा लागतो. इथे नुसत्या प्रत्ययावर भागतं. एवढं दुःख इतक्या सहज सांगून व्हावं, हे मला पटत नाही.

सून : सहज नाही, बाबा. ‘शिन्दा’ हाताशी असताना मी हे निवडते. सरकारी अर्जात मी ‘शिबो’ म्हणजे मृत्यू एवढंच लिहीन, तिथे मरण फक्त त्यांचं आहे. निबंध त्यांच्यामागे माझं काय झालं, त्याचा आहे.

सासरे : आणि आईला फोनवर मराठीत वाचून दाखवशील तेव्हा?

सून : तिथेच अडते. ‘अण्णा गेले’ म्हटलं तर मी वाक्यात उरत नाही. ‘पोरकं करून गेले’ म्हटलं तर तिला लागेल.

सासरे : मग ‘अण्णा गेले’ एवढंच वाच आणि थांब. पुढचं तिला बोलू दे.