वर्तमानपत्राचा कारभारी

ज्याला हिशेब येतो त्याला कोणतीही पेढी चालवता येते, असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. कापसाचा व्यापारी उद्या गुळाचा व्यापार करू लागला तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. कारण तराजू तोच, वही तीच आणि व्याजाचा दरही तोच. या समजुतीला विसाव्या शतकात अमेरिकेने शास्त्राचे रूप दिले आणि त्या शास्त्राची विद्यालये काढली. हार्वर्ड विद्यापीठाचे विद्यालय १९०८ साली निघाले, कोलंबियाचे १९१६ साली. आपल्याकडे कलकत्ता व अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या. अशा विद्यालयातून बाहेर पडलेला तरुण आज साबणाच्या कारखान्यात, उद्या बँकेत आणि परवा विमान कंपनीत जातो. त्यात वावगे असे मला काही दिसत नाही. मात्र हाच तरुण पुढे केव्हातरी एखाद्या वर्तमानपत्राच्या सर्वोच्च खुर्चीवर जाऊन बसतो, तेव्हा माझे मन अडखळते. हे अडखळणे म्हणजे नुसती जुन्या वळणाच्या माणसाची खोड आहे, की त्यात काही नैतिक तथ्य आहे, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

प्रश्न जुनाच आहे. जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रमालकाने पत्रकारितेचे विद्यालय काढण्यासाठी मोठी देणगी देऊ केली, तेव्हा हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी अभ्यासक्रमाचा एक आराखडा सुचवला. त्यात जाहिरात, वितरण, कचेरीचा कारभार असे विषय होते. पुलित्झरना ते मुळीच रुचले नाही. १९०४ साली लिहिलेल्या एका दीर्घ लेखात त्यांनी बजावले की, धंद्याची जागा धंद्याच्या कचेरीत. संपादकाच्या खोलीत तिला थारा नको. गंमत अशी की हे सांगणारा गृहस्थ धंद्यात कोणाला हार जाणारा नव्हता. भडक बातम्यांच्या जोरावर खप वाढवण्याच्या स्पर्धेत त्याने आपले हात चांगलेच माखून घेतले होते. कदाचित म्हणूनच ती ओढ किती बलवत्तर असते, हे त्याला इतरांपेक्षा अधिक ठाऊक असावे. त्याच्या मृत्यूनंतर, १९१२ साली, कोलंबिया विद्यापीठात ते विद्यालय सुरू झाले आणि चारच वर्षांनी त्याच विद्यापीठात व्यवसायाचे विद्यालयही उघडले. याच कोलंबियात शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला, हे मराठी वाचकाला सांगावयास नकोच.

कोलंबियाच्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याची हकीकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. मार्क विल्स यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली, व्हॉर्टन येथे अर्थव्यवहाराचे अध्यापन केले, मिनिआपोलिसच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्षपद भूषवले आणि पुढे न्याहारीचे पोहे व पीठ विकणाऱ्या जनरल मिल्स कंपनीत ते वरच्या पदावर गेले. १९९५ साली 'लॉस एंजलिस टाइम्स'ची मालक असलेल्या टाइम्स मिरर कंपनीने त्यांना प्रमुख नेमले. बुद्धी, अनुभव, मेहनत यांपैकी कशाचीही त्यांच्यापाशी वाण नव्हती. त्यांनी खर्च छाटला, न्यूयॉर्कमधील तोट्यातले पत्र बंद केले आणि कंपनीच्या शेअरचा भाव चढला. संपादन आणि जाहिरात या दोन खात्यांमध्ये पत्रकार मंडळी जी अदृश्य भिंत मानतात, ती त्यांना नुसती अडगळ वाटली. तोफ डागून ती पाडू, अशी भाषा त्यांनी केली.

१० ऑक्टोबर १९९९ च्या रविवारी त्या पत्राची संपूर्ण पुरवणी शहरातील स्टेपल्स सेंटर या नव्या क्रीडागृहाला वाहिलेली होती. पुरवणीच्या जाहिरातींचा नफा पत्र आणि क्रीडागृह यांनी निम्मा निम्मा वाटून घेण्याचा करार आधीच झाला होता. ज्यांनी लेख लिहिले त्यांना तो ठाऊक नव्हता, आणि ज्यांनी वाचले त्यांना तर नव्हताच. बिंग फुटल्यावर तीनशेहून अधिक पत्रकारांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. पत्राने डिसेंबरात आपल्याच वर्तनाची चौकशी चौदा पानांत छापली. मार्च २००० मध्ये कंपनी शिकागोच्या ट्रिब्यून कंपनीला विकली गेली. त्या वाटाघाटी विल्स यांना अंधारात ठेवूनच झाल्या होत्या.

येथे कोणी म्हणेल, यात व्यवस्थापनशास्त्राचा काय दोष? आणि आक्षेप रास्त आहे. याच पत्राच्या जुन्या मालकांनी, म्हणजे चँडलर घराण्याने, एके काळी ते आपल्या जमिनींच्या व्यवहारासाठी बेधडक राबवले होते. त्यांपैकी कोणी व्यवसायविद्यालयाची पायरी चढला नव्हता. लोभ शिकवावा लागत नाही. उलट ज्या पत्राला आपला जमाखर्च सांभाळता येत नाही ते आज ना उद्या कोणाच्या तरी दाराशी हात पसरते, आणि हात पसरणाऱ्याची लेखणी स्वतंत्र राहत नाही. तेव्हा हिशेबाला नाक मुरडण्यात काही नीतिमत्ता आहे, असे मला वाटत नाही.

मग दोष कशात आहे? माझ्या मते तो एका चुकलेल्या उपमेत आहे. पोहे खवट निघाले तर गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासालाच कळते. दुसऱ्या दिवशी ते दुकान बदलते आणि बाजार आपला न्याय करतो. पण वाचलेला लेख विकत घेतलेला होता की नाही, हे वाचकाला कोणत्या घासाला कळावे? जे त्याला स्वतः पडताळता येत नाही ते जाणण्यासाठीच तो पत्र घेतो. शिवाय पत्राला गिऱ्हाइके दोन, एक वाचणारे आणि दुसरे जाहिरात देणारे. आणि दुसऱ्याला विकावयाची वस्तू म्हणजे पहिल्याचा विश्वास. औषधाच्या दुकानाकडून दलाली घेणाऱ्या वैद्यासारखी ही स्थिती आहे. रोगी बरा झाला तरी वैद्याची लबाडी खरीच राहते. ज्या धंद्यात गिऱ्हाइकाला वस्तू पारखता येते तेथे बाजार पुरतो. जेथे पारखता येत नाही तेथे विकणाऱ्याच्या लाजेवाचून दुसरा पहारेकरी नसतो.

मराठीत दोन फार मोलाचे प्रयोग आहेत. एखादी गोष्ट मला 'करता येते' असे आपण म्हणतो, आणि एखादी मला 'करवत नाही' असेही म्हणतो. पहिल्यात कौशल्य आहे. दुसऱ्यात स्वभाव, संस्कार, लाज हे सारे आहे. विद्यालय पहिले शिकवते आणि उत्तम शिकवते. दुसरे मात्र त्या त्या घरात वर्षानुवर्षे वावरल्याने अंगी मुरते.

कॅथरीन ग्रॅहॅम यांचे उदाहरण घ्या. १९६३ साली पतीच्या मृत्यूनंतर 'वॉशिंग्टन पोस्ट'चा कारभार त्यांच्या अंगावर पडला. ताळेबंद वाचण्याचे शिक्षण त्यांना नव्हते. पण वडिलांनी १९३३ साली लिलावात घेतलेल्या त्या पत्राच्या सावलीत त्या वाढल्या होत्या आणि तरुणपणी त्यांनी बातमीदारीही केली होती. जून १९७१ मध्ये कंपनीचे शेअर लोकांना विक्रीस काढले त्याच आठवड्यात व्हिएतनाम युद्धासंबंधीची गुप्त सरकारी कागदपत्रे पत्राच्या हाती आली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ला ती छापण्यास न्यायालयाने मनाई केलेली होती. छापू नका, असा वकिलांचा सल्ला होता; शेअरविक्री आणि कंपनीचे चित्रवाणी परवाने दोन्ही धोक्यात होते. बाईंनी छापण्यास सांगितले. दडपणे त्यांना करवले नाही. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला; पण निर्णय घेताना तो निकाल त्यांच्या हाती नव्हता. पुढे १९७३ साली कंपनीचे शेअर घेतलेल्या वॉरन बफे यांनी त्यांना कंपन्यांचे अहवाल वाचावयास शिकवले. हे बफे कोलंबियाच्या व्यवसायविद्यालयाचेच १९५१ सालचे पदवीधर! म्हणजे ती विद्या बाईंच्या घरी आलीच, पण मागाहून आली.

उलट क्रमही साधू शकतो. जेफ ब्यूक्स स्टॅनफर्डमधून व्यवसायाची पदवी घेऊन निघाले, १९७९ साली एचबीओ या चित्रवाणी संस्थेत शिरले आणि तेथेच मुरले. १९९५ मध्ये तिचे प्रमुख आणि २००८ मध्ये सबंध टाइम वॉर्नरचे प्रमुख होण्यापूर्वी त्यांनी त्या घरात कितीतरी पावसाळे काढले होते. अर्थात त्यांची परीक्षा सोपी होती, कारण एचबीओ जाहिरातींवर नव्हे, वर्गणीवर चालत असे. पाहणारा आणि पैसे देणारा एकच होता.

लाज असली की पत्र तरते, असे मात्र मी म्हणणार नाही. जाहिराती आंतरजालाकडे वळल्या आणि २०१३ साली ग्रॅहॅम घराण्यालाही 'पोस्ट' २५ कोटी डॉलरना विकावे लागले. सचोटीने पगार भागत नाहीत, हे खरे. पण पगार भागवण्यासाठी सचोटी विकली की, मागे उरते ते पत्र नव्हे, छापील कागद.

आज आपल्या घरांतली हुशार मुले या विद्यालयांच्या परीक्षांसाठी रात्री जागवीत आहेत. त्यांतले कोणी उद्या वर्तमानपत्र किंवा वृत्तवाहिनी चालवणार असेल, तर त्याने जरूर चालवावी. हिशेब येणारा माणूस तेथे हवाच आहे. मात्र त्याला नेमणाऱ्यांनी, पदव्या आणि आकडे पाहून झाल्यावर, आणखी एक प्रश्न विचारावा. तुला काय काय करता येते, हे आम्ही वाचले. आता तुला काय करवत नाही, तेवढे सांग. उत्तर देण्यापूर्वी तो क्षणभर विचारात पडला तरी हरकत नाही. पण प्रश्नच त्याला कळला नाही, तर ती खुर्ची त्याची नव्हे.