पोट्ट्यांचं वय

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, फिनलंडच्या सीमेलगत पयाला नावाचं गाव आहे. मिकाएल निएमी हा लेखक 1959 मध्ये तिथे जन्मला आणि तिथेच वाढला. त्याच्या ‘पॉप्युलर म्युझिक फ्रॉम व्हितुला’ या कादंबरीत शाळेतल्या नकाशाच्या पुस्तकाविषयी एक परिच्छेद आहे. त्या पुस्तकात दक्षिणेकडचा सुपीक प्रांत सगळ्यात आधी येतो, आणि तो भल्या मोठ्या प्रमाणावर छापलेला असतो. मग पानं उत्तरेकडे सरकत जातात. शेवटी उत्तरेचा मुलूख येतो तो सगळ्यात लहान प्रमाणावर, इतका की त्यात स्वतःचं गाव शोधत बसावं लागतं. वर्गातली पोरं त्यातून एक गोष्ट शिकतात आणि ती कुठल्याच परीक्षेत विचारली जात नाही. खरं जगणं दुसरीकडे कुठेतरी चाललेलं आहे, आपण जगतो ते मोजण्याजोगं नाही, हे त्यांना कळून चुकतं.

हे वाचताना मला नेर आठवलं. नेर परसोपंत, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. भोवती कापूस, सोयाबीन, तुरीची शेतं. महाराष्ट्राच्या छापील नकाशात त्याचा ठिपका नीट दिसतो. पण मराठी कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी मिळून आपल्या डोक्यात जो दुसरा नकाशा तयार केला आहे, त्यात पुण्यातल्या पेठा, मुंबईतल्या चाळी, कोकणातली घरं ठळक दिसतात. नेर, दारव्हा, दिग्रस मात्र शोधावं लागतं. आणि सापडलंच, तर ते एकाच कारणासाठी सापडतं.

त्या कारणाकडे येण्याआधी पयालातल्या पोरांची गोष्ट पुरी करतो. कादंबरी 2000 साली आली. त्याच वर्षी तिला स्वीडनमधला मानाचा ऑगस्ट पुरस्कार मिळाला आणि ती तिथल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसली. 2004 मध्ये रेझा बागेर या दिग्दर्शकाने तिच्यावर सिनेमा काढला. काळ साधारण 1960 च्या दशकाचा. मात्ती आणि निला हे दोन मित्र. गाव गरीब, हवा क्रूर, घराघरांत लेस्टाडियन पंथाचा कडक धर्म, आणि बाप मारकुटे. निला तर बोलतच नाही. कादंबरीत हा मुका समजला जाणारा पोरगा पहिल्यांदा घडाघडा बोलतो ते गावात आलेल्या एका आफ्रिकी पाहुण्याशी, आणि तेही एस्परांतो भाषेत. रेडिओवर ऐकून ऐकून तो ती शिकलेला असतो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि दोन्हीकडे दटावणी, अशा मुलाला तोंड उघडायला तिसरीच भाषा सापडावी, ही कल्पना मला फार खोल वाटते. पुढे या दोघांच्या हाती बीटल्सची तबकडी लागते. मग गिटार, मग बँड. दक्षिणेकडून आलेला ग्रेगेर नावाचा संगीतशिक्षक त्यांना वाट दाखवतो.

तोर्ने नदीच्या त्या खोऱ्यात घरोघरी फिनिशची बहीण म्हणावी अशी बोली बोलतात, तिला मेआनकिएली म्हणतात. 1809 मध्ये स्वीडनने फिनलंड गमावला तेव्हा नदीवर सीमा आली आणि एका बोलीचे लोक दोन राज्यांत वाटले गेले. स्वीडनच्या बाजूला उरलेल्यांच्या पोरांना विसाव्या शतकात बरीच वर्षं शाळेत ही बोली बोलायची मनाई होती. तिला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती 2000 साली, म्हणजे कादंबरी आली त्याच वर्षी. कादंबरी स्वीडिशमध्ये आहे, पण तिच्या पानापानांत ही बोली आपलं डोकं वर काढते.

निएमीने या मुलखाची गरिबी लपवलेली नाही, दारू आणि मारही लपवलेला नाही. तरीही त्याची पोरं ‘मागास भागातली बिचारी पोरं’ म्हणून आपल्यापुढे येत नाहीत. ती खोड्या काढतात, मुलींच्या मागे लागतात, फुटक्या आवाजात गातात. त्यांच्या आयुष्याच्या मधोमध त्यांचं स्वतःचं वय असतं. मुलखाचं दुःख त्या वयाच्या कडेला उभं राहतं.

मराठीत याला अगदी जवळचं उदाहरण आहे ते ‘शाळा’चं. मिलिंद बोकील 1960 चे, म्हणजे निएमीच्या बरोबरीचे. त्यांची कादंबरी 2004 मध्ये मौज प्रकाशनाने काढली. सुजय डहाके यांचा सिनेमा 2012 च्या जानेवारीत लागला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अविनाश देशपांडे यांच्या पटकथेलाही. गोष्ट नववीतल्या मुकुंद जोशीची, काळ आणीबाणीचा. देशात एवढं मोठं घडत असताना मुकुंदाचा जीव मात्र वर्गातली शिरोडकर आज वळून बघते की नाही यात अडकलेला असतो. आणीबाणी आहे, मोठी माणसं तिच्याविषयी बोलतात, तिची सावली शाळेच्या भिंतीवर पडते. पण ती पोराच्या प्रेमाला बाजूला सारत नाही. बोकिलांनी इतिहासाला त्याच्या जागी उभं केलं आणि पोराला मधोमध ठेवलं. या एका निर्णयामुळे ‘शाळा’ आमच्याकडच्या पोरांनाही आपली वाटली. शिरोडकर कोणत्याही गावात असते. नेरच्या एसटी स्टँडवर दारव्ह्याच्या गाडीची वाट बघत दप्तर छातीशी धरून उभी असलेली नववीतली मुलगी आणि तिच्याकडे न बघितल्यासारखं करणारा पोट्टा मी कितीदा पाहिला आहे.

पण तो पोट्टा बोलतो वेगळं. आणि त्याला पडद्यावर आणताना आपल्या सिनेमाला दुसरंच काही आठवतं.

सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ 2009 चा. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकाची गोष्ट, वऱ्हाडी बोलीत, अतिशय प्रामाणिकपणे केलेली. मी तो सिनेमा आदराने बघतो. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्याच्या बायकोला, अलकाला धसका बसतो, आपला नवराही असंच काही करील म्हणून. ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावते. बाप शेतात जाईल तिथे दिनू जातो, बाप थांबेल तिथे थांबतो. कोवळ्या पोराच्या डोळ्यांवर आपल्या बापाला जिवंत ठेवायची राखण टाकलेली. मराठी सिनेमात यापेक्षा बोचणारी कल्पना मला पटकन आठवत नाही. पण याच जागी माझा जीव अडतो. यवतमाळचा पोरगा मोठ्या पडद्यावर आला तो बापाच्या मरणाचा पहारेकरी म्हणून. दिनूला स्वतःचं काय हवं होतं, त्याचा मित्र कोण, तो कुणावर रुसतो, हे विचारायला त्या गोष्टीत जागाच नव्हती. त्या सिनेमाचा विषय वेगळा होता, त्याचा दोष नाही. दोष आपल्या सगळ्यांचा आहे. यवतमाळ म्हटलं की आपण दुसरी कुठली गोष्ट मागतच नाही. वर्तमानपत्रं, वाहिन्या, कविता, नाटकं, सगळ्यांना आमच्याकडून एकच पीक हवं असतं.

आत्महत्यांविषयी लिहू नये असं मी म्हणत नाही. लिहिलंच पाहिजे, आणि जोवर त्या थांबत नाहीत तोवर लिहीत राहिलं पाहिजे. पण ज्या घरात बाप गेला त्या घरातला चौदा वर्षांचा मुलगाही चौदा वर्षांचाच असतो. त्याला मिशी फुटते, आवाज बदलतो, क्रिकेटच्या टीममध्ये जागा हवी असते, आणि बापाचं दुःख असताना आपल्याला एखादी मुलगी कशी काय आवडली याची त्याला लाज वाटते. ही लाज कुणी लिहिली आहे? माझ्या वाचनात तरी नाही. माणसाला फक्त त्याच्या दुःखापुरतं ओळखणं हाही अन्यायच आहे, आणि मुलांच्या बाबतीत तो दुप्पट होतो, कारण मुलं आपल्याविषयी लोक जे सांगतात ते खरं मानून मोठी होतात.

पोळ्याचा दुसरा दिवस आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचा. लहान पोरं लाकडी नंदीबैल सजवून दोरीने ओढत निघतात, घरोघरी बोजारा मागतात. आणि दरवर्षी गल्लीत एखादा तरी असा पोरगा दिसतो, बारा-तेरा वर्षांचा, जो गेल्या वर्षीपर्यंत नंदी घेऊन पुढे होता आणि या वर्षी भिंतीला टेकून उभा आहे. आदल्या दिवशी खऱ्या पोळ्यात त्याच्या हाती बैलाचा कासरा कुणी दिलेला नाही, कारण अजून तेवढा मोठा नाही. आज लाकडी नंदी ओढायचा तर बरोबरीचे हसतील. त्याचा धाकटा भाऊ जुनाच नंदी ओढत समोरून जातो. नंदीची शिंगं त्यानेच रंगवलेली असतात. तो भावाला ओरडतो, “अबे, हळू ओढ ना, चाक निंघते त्याचं!” आणि पुन्हा भिंतीला टेकतो. वयात येणं म्हणजे काय ते मला याहून नेमकं दाखवता येणार नाही. या पोराला निलाइतकंच, मुकुंदाइतकंच मन आहे. त्याची कादंबरी नाही, म्हणून त्याचा सिनेमा नाही.

कादंबरीच का, थेट सिनेमा का नाही, असं कुणी विचारेल. ‘नाळ’ तसा झालाच की, 2018 मध्ये. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी तो केला. त्यातल्या चैत्याचं काम करणाऱ्या श्रीनिवास पोकळेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्या पोराच्या तोंडच्या विदर्भातल्या बोलीने सगळा महाराष्ट्र जिंकला. ‘नाळ’ने एक मोठं काम केलं: विदर्भातल्या पोराला विषयाच्या ओझ्याखालून बाहेर काढलं. त्याची गोष्ट आईची आहे, आणि आई कुठल्याही पोराची असते. रेझा बागेर इराणमध्ये जन्मलेला, सुधाकर रेड्डी तेलुगू मुलखातले. दोघांनीही दुसऱ्यांच्या बोलीतलं पोरपण इतकं नीट ऐकलं, याचा मला आनंद वाटतो. बाहेरून आलेला कान ताजा असतो, घरच्यांनी ऐकायचं सोडून दिलेलं त्याला ऐकू येतं. पण चैत्या आठ-नऊ वर्षांचा. पुढचं अवघड वय, जिथे मुलगा स्वतःशी बोलायला लागतो आणि इतरांशी बोलायचा थांबतो, ते बाहेरून टिपता येत नाही. ते आधी कुणीतरी आतून लिहावं लागतं. ‘शाळा’चा सिनेमा उभा राहिला तो मुकुंदाच्या मनात शेकडो पानं फिरून आलेल्या कादंबरीवर. पडद्यावर त्यातलं थोडंच उरलं, तरी त्या पोराच्या एकेका नजरेमागे ती पानं आहेत.

वऱ्हाडात कादंबरी नाही असं मुळीच नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची. कौतिक, तिचा नवरा महादेव, भीमा, नामा ही माणसं वऱ्हाडी बोलतात, आणि ती बोली इथे कुणाला हसवायला वापरलेली नाही, तिच्यात एका बाईचा सगळा संसार जळतो. या कादंबरीवर मोठा सिनेमा व्हायला हवा होता. 2012 चा ‘धग’ नावाचा जो मराठी सिनेमा आहे, त्याची कथा निराळी आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तिच्यावर सिनेमाही झाला, पण हिंदीत. म्हणजे कादंबरी आपली, माती आपली, आणि पडद्यावर तोंड उघडलं ते परक्या भाषेत. हे मला लागतं. पुष्कळ मराठी सिनेमा-नाटकांत वऱ्हाडी माणूस येतो तो चार हशे घेऊन जायला. असं बघत वाढलेल्या पोराला आपलं प्रेमपत्र आपल्या बोलीत लिहिता येईल, हे सुचणार कसं?

आमच्या वर्गात कुणी “मले नाही समजलं” म्हटलं की बाई दुरुस्त करत, “मले नाही, मला.” आणि वर्ग हसे. हसणारे सगळे घरी ‘मले’च म्हणत. कुणीही कुणाला मारलं नाही, मनाईची पाटी लावली नाही, पण पयालाच्या शाळेत जे झालं त्याच जातीचं हे होतं. बाईंचा हेतू चांगला होता, पोरांनी पुढे जावं. प्रमाणभाषा यायलाच हवी, तिच्याशिवाय कॉलेज, नोकरी, वर्तमानपत्र, काही नाही. मीही हे तिच्यातच लिहितो आहे. पण एक भाषा शिकवताना दुसरीवर हसायची गरज नसते. पोराने निबंध प्रमाण मराठीत लिहावा आणि वहीच्या मागच्या पानावर स्वतःची गोष्ट वऱ्हाडीत, दोन्ही एका मुलात सुखाने राहू शकतात.

2019 च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं. मांडव होता, पुस्तकांची दालनं होती, भाषणं झाली. माझी इच्छा एवढीच होती, आणि आहे, की अशा मांडवात एखादा शिक्षक दहावीच्या चार पोट्ट्यांना आणि चार पोरींना घेऊन यावा, आणि त्यांना म्हणावं, तुमची गोष्ट लिहा, कापूस वेचाईच्या दिवसांत शाळा बुडाली त्याची, ट्यूशनच्या वाटेवरची, ज्याच्याशी भांडलात त्याची, आणि तुमच्या घरी जसं बोलतात तसंच बोलू द्या माणसांना. पोरींचं नाव मी मुद्दाम घेतो. वयात येण्याच्या गोष्टी पोरांच्याच पुष्कळ. शिरोडकरच्या बाजूने लिहिलेली ‘शाळा’ माझ्या वाचनात नाही.

नेर, दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी इथल्या मराठीच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे: पुढच्या सत्रात एक तास पोरांना त्यांच्या बोलीत लिहू द्या आणि त्या वह्या जपून ठेवा. आणि जे आज पंचवीस-तिशीचे आहेत, पुण्यात किंवा नागपुरात नोकरीला आहेत, ज्यांचं चौदावं वर्ष नेरमध्ये गेलं, त्यांनी ते आताच लिहायला घ्यावं. दुष्काळ, कर्ज, बापाची चिंता, जे होतं ते सगळं येऊ द्या, पण मधोमध स्वतःला उभं करा. सिनेमा काढणारा कुठून तरी येईल, इराणहून आला, तेलुगू मुलखातून आला, तरी चालेल. त्याच्या हातात द्यायला आपल्याकडे पुस्तक असलं पाहिजे.