धरणकाठचे पाहुणे

ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेजवळ रेशेन खिंडीत एक तलाव आहे. त्याच्या पाण्यातून चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा वर आलेला दिसतो. विजेसाठी धरण बांधले आणि १९५० मध्ये ग्राउन नावाचे गाव पाण्याखाली गेले. दीडशेहून अधिक घरे गेली, मनोरा राहिला. युरोप फिरून आलेली माणसे त्या मनोऱ्याचे फोटो दाखवतात आणि सोबत गावाची हकिकतही सांगतात. लोकांनी विरोध केला, पण कुणी ऐकले नाही, हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या शेतकऱ्यांचे दुःख त्यांना कळलेले असते. प्रवासाने माणूस मोठा होतो तो असा, असे मला मनापासून वाटते.

हीच माणसे पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी पुण्याच्या चांदणी चौकातून निघतात, पिरंगुट आणि पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या पाण्यापाशी थांबतात, फोटो काढतात आणि ताम्हिणी घाटाकडे निघून जातात. या पाण्याखालीही गावे आहेत, एक नव्हे, अनेक. पण त्यांचे नाव गाडीत कुणी काढत नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नसते.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटांच्या वीज कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधायला घेतले. खोरे भाताचे होते आणि सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला दिला होता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी, म्हणजे मावळ्यांनी, कामाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे या लढ्यात होते आणि पांडुरंग महादेव बापटही. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यातून.

बापटांचा परदेशप्रवास मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. पारनेरचा हा मुलगा १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेला. तिथे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्याविरुद्ध बोलल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला जाऊन तो बॉम्बची विद्या शिकला आणि १९०८ मध्ये परतला. ज्याने युरोपची यंत्रे आणि कारखाने डोळ्यांनी पाहिले होते, तो माणूस पुढे मुळशीच्या चिखलात भातशेती करणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला. शेवटी रेल्वे अडवल्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगून तो १९३१ मध्ये सुटला. धरण १९२७ मध्येच पुरे झाले होते.

या लढ्याचा एक भाग पुण्याने विशेष लक्षात ठेवायला हवा. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्याच मालकीच्या झाल्या होत्या. त्यांना नुकसानभरपाईत रस होता आणि कसणाऱ्याला जमिनीत. कंपनी आणि सरकार समोर असताना पाठीमागून आपल्याच शहरातली माणसे निसटली, आणि लढा खचायला तेही एक कारण झाले. राजेंद्र व्होरा यांनी मराठीत या सत्याग्रहावर पुस्तक लिहिले आहे. सहलीच्या पिशवीत ते असावे.

आजच्या सहलीबद्दल माझी मुख्य तक्रार कचऱ्याची नाही, जरी धबधब्याखाली फुटलेल्या बाटल्या आणि घाटातल्या वळणावर दणाणणारे स्पीकर पाहून जीव तुटतो. परदेशात आपण पाहुणे म्हणून वावरतो. तिथली माणसे, त्यांचे नियम, त्यांची शांतता यांचा मान राखतो. घराजवळ आलो की मालकासारखे वागू लागतो. भूतानमध्ये भारतीयांकडून दर रात्रीमागे माणशी बाराशे रुपये घेतात, व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. ते आपण भरतो आणि योग्यही मानतो. मात्र गावातल्या पोराने पार्किंगची पावती पुढे केली की गाडीची काच खाली करून वाद घालतो. त्या पोराच्या पणजोबाची जमीन कुठे असेल, हा विचार मनात यावा एवढीच माझी अपेक्षा आहे.

जवळच्या पाण्याविषयीची ही बेपर्वाई जिवावरही उठते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांतली बहुतेक लहान मुले होती. त्या कुटुंबाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण वर डोंगरात पाऊस झाला की ओढा किती वेळात चढतो हे तिथल्या माणसाला ठाऊक असते, आणि त्याला विचारण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही, हे मला खुपते.

मुळशीचे पाणी जाते कुठे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. खरे तर ते मुळा, भीमा आणि कृष्णा अशी वाट धरून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे निघालेले होते. धरणाने त्याला पश्चिमेला वळवले. सह्याद्रीतून पाचशे मीटरहून खोल उतरून ते भिऱ्याच्या वीजघरात पडते, मुंबईसाठी वीज तयार होते आणि पाणी कुंडलिका नदीत जाते. कोलाडला आपण रबरी होडीतून ज्या उसळत्या प्रवाहाचा आनंद घेतो, तो वीजघरातून सोडलेल्या याच पाण्याचा. एकाच रविवारच्या दोन सहली अशा बुडालेल्या गावांवर उभ्या आहेत. आणि हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे. तिथल्या नोकरीने ज्यांना लंडन आणि सिडनी दाखवले, त्यांचा पगारसुद्धा याच तालुक्याच्या जमिनीवर होतो.

म्हणून कुणी जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. आठवडाभर काचेच्या इमारतीत बसणाऱ्याला डोंगरावरचा ढग पाहण्याचा पुरेपूर हक्क आहे. पाहुणे आले म्हणून धरणकाठच्या किती तरी घरांत चूल पेटते, घरच्या तांदळाला दोन पैसे जास्त मिळतात, पोरांना गावातच काम मिळते. इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर दासव्याला उभारलेल्या लवासा शहरापेक्षा हा छोटा व्यवहार मला जास्त आशेचा वाटतो. कारण त्यात घर गावकऱ्याचे आहे आणि पाहुण्याला उंबऱ्यावर चपला काढाव्या लागतात.

तेव्हा पुढच्या खेपेला अशा घरात पिठले-भाकरी खाताना वाढणाऱ्या काकूंना किंवा आजोबांना विचारावे, तुमचे जुने गाव कोणते? ते सांगतील तेवढे ऐकावे, घाई करू नये. मुलांना त्या गावाचे नाव लिहून घ्यायला सांगावे, आपल्या केराची पिशवी गाडीत टाकावी आणि पैसे देताना घासाघीस करू नये.