लिविया कोणालाच का आवडत नाही?

दीडेक वर्षापूर्वी आमच्या घरी रविवारी रात्री जेवणं झाली की 'कोमिस्सारिओ मोंताल्बानो' लागायचा. मालिका इटालियन, सबटायटल्स इंग्रजी. आईला इंग्रजी वाचता येतं, पण पळत्या अक्षरांच्या वेगानं नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगायचो. ताई मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची आणि मधूनच मान वर करून असा काही प्रश्न विचारायची की मला रिमोट शोधून पॉज करावं लागायचं. एकेक भाग जवळजवळ दोन तासांचा, आमचा मात्र अडीच तासांखाली कधी संपला नाही.

(पुढे काही भागांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी आधी पाहून यावं.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिसिलीतलं विगाता नावाचं काल्पनिक गाव, तिथला पोलीस अधिकारी साल्वो मोंताल्बानो. आंद्रेआ कामिल्लेरी या लेखकानं त्याला १९९४ साली पहिल्यांदा कादंबरीत आणलं, तेव्हा लेखकाची सत्तरी जवळ आली होती. १९९९ ते २०२१ अशी बावीस वर्षं इटलीच्या सरकारी वाहिनीवर ही मालिका येत राहिली आणि सगळा काळ मोंताल्बानो एकाच नटानं, लुका झिंगारेत्तीनं केला. हा माणूस जेवताना कोणाशी बोलत नाही. समुद्रात पोहतो, वरिष्ठांना तोंडावर टाळतो, राजकारण्यांना दाराशी उभं करत नाही. आणि नियम मोडतो. गुन्हेगार पकडण्यासाठी मोडतो तसेच कोणाला तरी वाचवण्यासाठीही मोडतो.

आईला तो याच कारणासाठी आवडला. त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या आदेलीनाच्या मुलाला त्यानं स्वतःच पकडून तुरुंगात टाकलेलं असतं, आणि त्याच मुलाशी पुढे घरच्यासारखे संबंध ठेवलेले असतात. "माणूस आहे हो," आई म्हणायची, "नुसता पोलीस नाही." मलाही तो आवडायचा. आणखी एका बाबतीत आमचं एकमत होतं: लिविया नको.

लिविया ही त्याची प्रेयसी. राहते दूर उत्तरेला, जेनोआतल्या बोक्कादास्सेला. रात्री फोन करते आणि दोन मिनिटांत भांडण होतं. या मालिकेच्या चाहत्यांमध्ये तिच्याविषयीची नावड इतकी सर्रास आहे की ते मत आहे असंही कोणाला वाटत नाही. लिवियाचं काम करणाऱ्या अभिनेत्री बदलत गेल्या, पण नावड काही बदलली नाही. मीही फोन वाजला की पाणी प्यायला उठायचो. ताईला मात्र लिविया आवडायची. "या सगळ्या गावात त्याला 'का?' असं विचारणारी ती एकटीच आहे," असं ती एकदा म्हणाली होती. मी ते सोडून दिलं.

आता दोन भागांविषयी.

'पाण्याचा आकार' ही पहिली कादंबरी, तिच्यावरून झालेला भागही याच नावाचा. एक बडा राजकारणी बदनाम वस्तीत मेलेला सापडतो. मृत्यू नैसर्गिक आहे, पण प्रेत तिथे कोणीतरी आणून ठेवलंय आणि संशय एका परदेशी बाईवर जाईल अशी व्यवस्था केली आहे. बाईविरुद्धचा रचलेला पुरावा मोंताल्बानो गुपचूप बाजूला करतो. आपल्याला बरं वाटतं. पण त्याच प्रकरणात तो एक पिस्तूल जिथे आहे तिथेच राहू देतो, आणि त्या पिस्तुलाचं पुढे काय होऊ शकतं याची त्याला कल्पना असते. नंतर ज्याच्यावर सूड उगवला जातो तो माणूस वाईटच असतो. सूड घेणारा कोवळा मुलगाही जगत नाही. हे सगळं मोंताल्बानो एकाच व्यक्तीला सांगतो: लिवियाला. आणि कादंबरीत ती त्याला साधारण असं सुनावते की तू आता स्वतःला देव समजायला लागलास, तोही काही फार मोठ्या दर्जाचा नव्हे.

दुसरा भाग 'खाऊचोर'. आई हरवलेला एक ट्युनिशियन मुलगा, फ्रान्स्वा, भुकेपोटी शाळेतल्या पोरांचे डबे पळवतो. त्याच्या आईच्या मृत्यूत गुप्तचर खात्याचा हात आहे. मोंताल्बानो त्या खात्याच्या अधिकाऱ्याचं बोलणं चोरून चित्रित करतो आणि त्या चित्रफितीच्या जोरावर त्याला वाकवतो. कायद्याच्या भाषेत याला ब्लॅकमेल म्हणतात. आमच्या घरी त्या वेळी आईनं टाळी वाजवली होती.

मीही वाजवली असती. पण नंतर एक गोष्ट डोक्यात बसली. जुलै २००१ मध्ये जेनोआला जी-८ परिषद भरली होती. तिथल्या दियाझ शाळेत रात्री झोपलेल्या आंदोलकांना पोलिसांनी घुसून बेदम मारलं, आणि समर्थनासाठी दोन पेट्रोल बॉम्ब तिथे सापडल्याचं दाखवलं. ते पोलिसांनीच आणून ठेवले होते, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं. २०१२ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या. कामिल्लेरीनं २००३ च्या कादंबरीत हा विषय घेतला. त्यात मोंताल्बानो इतका उद्विग्न होतो की राजीनामा द्यायला निघतो. पोलिसांनी खोटा पुरावा रचला याची त्याला शरम वाटते.

मग पुरावा गुपचूप हलवणारा मोंताल्बानो आणि पुरावा आणून ठेवणारे ते अधिकारी यांच्यात फरक काय? हेतूचा, असं लगेच उत्तर येतं. एक दुबळ्याला वाचवतोय, दुसरे स्वतःला. हे खरंच आहे. पण त्या अधिकाऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनीही देश, शिस्त, शहराची सुरक्षितता असा काही उदात्त हेतूच सांगितला असता. हेतू बाहेरून दिसत नाही. मोंताल्बानोचा आपल्याला दिसतो, कारण कॅमेरा रात्रभर त्याच्या घरात असतो. तो एकटा व्हरांड्यात बसलेला आपण पाहतो. खरा गुन्हेगार कोण हेही आपल्याला अखेरीस दाखवलेलं असतं. त्याच्या निर्णयाला आपण जी मान्यता देतो ती सर्व काही पाहिलेल्या माणसाची मान्यता असते. असा कॅमेरा कथेत असतो. कचेरीत, घरात, पोलीस ठाण्यात तो नसतो.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय त्याला कारण आहे. आता ते सांगायला हवं.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. त्याच सुमारास आमच्याकडे एक घोळ झाला. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीनं रात्री उशिरा एक स्क्रिप्ट चाचणीच्या डेटाबेसऐवजी खऱ्या डेटाबेसवर चालवली. दोन खिडक्या उघड्या होत्या, चुकीच्या खिडकीत एंटर दाबलं. हजारो ग्राहकांना दुहेरी बिलं गेली. तिची आई तेव्हा हॉस्पिटलमध्ये होती आणि ती तिथूनच काम करत होती. अशा वेळी आमच्याकडे आरसीए लिहावा लागतो: काय झालं, का झालं, पुढे काय करणार. त्यात माणसाचं नाव लिहायचं नाही असा चांगला नियम आहे. पण घटना लिहायची असते. मी घटनाच बदलली. लिहिलं की कॉन्फिगरेशन फाइलमध्ये सर्व्हरची नावं संदिग्ध असल्यामुळे हे घडलं.

गंमत म्हणजे नावं खरोखरच संदिग्ध होती. वाक्य खोटं नव्हतं. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते हेच. मुलीनं दुसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून आभार मानले, आणि मी दोन दिवस मनातल्या मनात व्हरांड्यात समुद्राकडे बघत बसलो होतो, हे कबूल करतो.

ती फाइल सांभाळायचा एक कंत्राटी माणूस. चाळिशीचा, शांत, वेळेवर येणारा, वेळेवर जाणारा. तीन महिन्यांनी त्याचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारणं अनेक असतील. पण मीटिंगमध्ये मॅनेजरच्या तोंडून "ते कॉन्फिगचं प्रकरण" हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, आणि गप्प बसलो.

काण्टचा १७९७ चा एक निबंध प्रसिद्ध आहे. मित्र तुमच्या घरात लपलाय, खुनी दारात येऊन विचारतोय, तरीही खोटं बोलू नये असं त्याचं म्हणणं. कॉलेजात हे ऐकून आम्ही हसलो होतो. आजही मला ते टोकाचं वाटतं. मी खुन्याशी खोटंच बोलेन. पण त्याच निबंधात एक मुद्दा आहे, तो तेव्हा निसटला होता: खोटं बोललात की पुढे जे होईल, अगदी ध्यानीमनी नसलेलंही, त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. खरं सांगून वाईट झालं तर ते जगाच्या खात्यावर जातं. खोटं सांगून झालं तर तुमच्या. युधिष्ठिराचा जमिनीच्या वर चालणारा रथ अर्धसत्यानंतर खाली आला, ही कथा आपल्याला पाठ असते. रथ खाली आल्यावर कोणाकोणाच्या अंगावर आला, हे आपण विचारत नाही.

मोंताल्बानोची दयाही फुकट नसते, मालिका नीट पाहिली तर. खाऊचोर फ्रान्स्वाला घरी आणायचं लिवियाच्या मनात असतं. मोंताल्बानो पाऊल मागे घेतो, मुलगा एका शेतकरी कुटुंबात वाढतो, प्रेक्षकही त्याला विसरतात. पुढे 'प्रकाशाची धार' या भागात तो तरुण होऊन परततो आणि मरतो. मोंताल्बानोनं सोडवलेल्या प्रश्नाची बाकी इतक्या वर्षांनी निघते. त्या भागानंतर आई बराच वेळ काही बोलली नव्हती.

ताईला मी माझी गोष्ट एका रविवारी, मालिका संपल्यावर, आई झोपायला गेल्यावर सांगितली. मला वाटतं, तिनं 'तुझा हेतू चांगला होता' म्हणावं असं मला हवं होतं. तिनं विचारलं, "त्या माणसाला विचारलं होतंस का, तुझ्या दयेचे पैसे भरशील का म्हणून?" मी चिडलो. म्हणालो, हे असं बोलणं सोपं असतं. आणि बोलता बोलता लक्षात आलं की मी अगदी मोंताल्बानोसारखा, फोनवरच्या लिवियावर ओरडावं तसा ओरडतोय.

लिविया आपल्याला का आवडत नाही याचं उत्तर मला तेव्हा मिळालं असं वाटतं. ती गावात राहत नाही, समुद्र, जेवण, ती मंडळी यांची भुरळ तिला पडलेली नाही, आणि कॅमेऱ्यानं आपल्याला जे दाखवलं ते तिनं पाहिलेलं नाही. जे मोंताल्बानो सांगेल तेवढंच तिच्याकडे आहे. म्हणजे ती नेमकी त्या जागी आहे जिथे उरलेलं सगळं जग असतं: निर्णय घेणाऱ्याच्या बाहेर, हिशेब मागत. आपण प्रेक्षक म्हणून आत बसलेलो असतो, म्हणून तिचा फोन आपल्याला व्यत्यय वाटतो. सत्य लपवू नये असा सरसकट नियम मला अजूनही करता येत नाही. त्या मुलीला वाचवायला हवं होतं, हेही मला अजून वाटतं. पण जो लपवतो त्याला निदान एक तरी फोन घ्यावा लागला पाहिजे, ज्यावर त्याला काय केलं आणि कोणाच्या जिवावर केलं ते सांगावं लागेल. आणि तो फोन घेणारं माणूस त्याच्यावर भाळलेलं नसावं.

मी मॅनेजरला खरं सांगितलं, उशिरा. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, "बरं केलंस सांगितलंस" म्हणाले, आणि विषय संपला. कंत्राट परत मिळालं नाही. मग मी त्या माणसाला फोन केला. त्यांना दुसरीकडे काम मिळालं होतं, थोड्या कमी पैशात. माझं सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे फाइल बरोबर होती तर. मी दोन महिने ती उघडून उघडून बघत होतो, सर." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. नोकरीचं मी मोजलं होतं. एक माणूस स्वतःच्या कामावर दोन महिने संशय घेत बसेल, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

मालिकेचा शेवटचा भाग ८ मार्च २०२१ रोजी प्रसारित झाला. त्यात मोंताल्बानो एका तरुण सहकारी स्त्रीच्या प्रेमात पडतो आणि लिवियाशी असलेलं इतक्या वर्षांचं नातं तोडतो. इटलीत प्रेक्षक खूप नाराज झाले. वर्षानुवर्षं जिला नावं ठेवली तिच्यासाठीच लोक हळहळले. मला यात विसंगती वाटत नाही. फोन वाजायचा थांबला की मगच कळतं, तो कशासाठी वाजत होता.

आम्ही तो भाग गेल्या महिन्यात पाहिला. एक गोष्ट आईला त्याआधी सांगायची होती. इतके दिवस भाषांतर करताना डॉक्टर पास्क्वानोच्या शिव्या तर मी गाळायचोच, पण मोंताल्बानोचं लिवियाशी तुसडं बोलणंही सौम्य करून सांगायचो. आईला तो आवडत होता, म्हणून. तिचं त्याच्याविषयीचं मत अर्धं माझ्या भाषांतरावर उभं होतं. मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला आवाजावरून कळायचं की. तू सांगतोस का, ते बघत होते."

त्या रात्री मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. संपल्यावर आई म्हणाली, "तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून बघायला हवं." आता आम्ही पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केलंय. फोन वाजला की मी पाणी प्यायला उठत नाही.