देवाचे देणे

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी मनुष्यास पहिल्या महिन्यातच एक गोष्ट उमगते, ती ही की या नगरीत दान हा नित्याचा व्यवहार आहे. गंगेवर जावे तर घाटाच्या पायऱ्यांवर पसरलेले हात. देवदर्शनास जावे तर वाटेत संकल्प सांगावयास बसलेले गुरुजी. गावाकडून पाहुणे येतात ते पिंडदानाची, गोदानाची, निदान मूठभर तांदळांची तरी तयारी ठेवूनच येतात. आपल्या पूर्वजांनीही येथे कधी हात आखडता घेतला नाही. विश्वेश्वराचे आज उभे असलेले मंदिर अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविले. भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडील जुनी मराठी वस्ती यांतून फिरताना कोणी ना कोणी देवाच्या नावे खर्चिलेले धनच पायांखाली आणि डोळ्यांसमोर असते. अशा वातावरणात काही वर्षे काढली म्हणजे मनुष्य एक तर न मोजता देऊ लागतो, नाही तर नजर चुकवून चालू लागतो. आम्ही दोन्ही करून पाहिले. दोन्हींनंतर जो प्रश्न शिल्लक राहिला तो येथे मांडावयाचा आहे. देवास मनुष्याला काही परत देता येते काय? आणि येत असेल, तर ते देताना तो नेमके कोणाचे देत असतो?

हा प्रश्न आमच्या मनात घातला तो मात्र काशीच्या पंडितांनी नव्हे. आमच्याच कचेरीतील एक ख्रिस्ती सहकारी त्याला कारण झाले. ते नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती, आणि बोलण्याने आमच्याहून अस्सल मराठी. नाताळात त्यांच्यासोबत सिग्ऱ्याच्या सेंट पॉल चर्चमध्ये आम्ही एकदोनदा गेलो होतो. पगार झाला की त्याचा दहावा भाग ते प्रथम बाजूस काढून ठेवीत आणि मगच घरभाड्याचा व किराण्याचा विचार करीत. आम्ही एकदा त्यांच्या औदार्याची स्तुती केली, तेव्हा ते जवळजवळ रागावलेच. "अहो, यात दान कसले? दौऱ्यावर निघताना तुम्ही अग्रिम उचलता. उरलेली रक्कम परत आल्यावर चलनाने भरता. ती भरल्याबद्दल खात्याने तुमच्या गळ्यात हार घालावा, असे तुम्हांस कधी वाटले आहे काय?"

हिशेबाच्या शाखेत आयुष्य घालविणाऱ्या मनुष्यास याहून चटकन पटेल असा दृष्टांत कोणी दिला नसता. त्यांच्या धर्मग्रंथातही हाच भाव आहे. मंदिरासाठी सोन्यारुप्याच्या राशी जमल्या असता दावीद राजा देवापुढे भर सभेत कबुली देतो, की हे सारे तुझ्याच हातून आमच्याकडे आले होते आणि तेच आम्ही तुला देत आहो. आपल्याकडे गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि परतफेडीची आशा धरून दिलेल्या दानास तेथे खालची पायरी दिली आहे. तेव्हा या मुद्द्यावर दोन धर्मांत भांडण नाही. भेद आहे तो पुढच्या पायरीवर. अग्रिम परत भरावयाचा हे खरे, पण भरावयाचा कोठे? देवाचे कोषागार कोणत्या गल्लीत आहे?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात याचे उत्तर आहे, आणि ते काशीत वाचणाऱ्यास विशेष चमत्कारिक वाटते. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांस सांगतो, की मी भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान होतो आणि तुम्ही माझी विचारपूस केलीत. त्यावर ते लोक आनंदाने माना डोलवीत नाहीत. ते गोंधळून विचारतात, की महाराज, आम्ही तुम्हांस पाहिले तरी केव्हा? त्यांनी दिले हे खरे, पण देवास दिले हे त्यांस ठाऊकच नव्हते. आमच्या घाटांवर तर पाच रुपये देतानाही नाव आणि गोत्र उच्चारल्याखेरीज हातावर पाणी सुटत नाही! आपण काय भरले, कोणत्या खात्यावर भरले, याची जाणीवच नसलेला दाता ही कल्पना आम्हांस पुष्कळ दिवस पुरली.

तथापि अग्रिमाच्या दृष्टांतात एक उणीव आहे, ती आम्हांस पुढे दिसली. अग्रिम एका मनुष्याच्या नावे निघतो. मनुष्याचे आयुष्य तसे त्याच्या एकट्याच्या नावे निघालेले नसते.

याचे उदाहरण काशीतीलच आणि आपल्याच माणसाचे आहे. नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ चा, झाशीकडचा. कुटुंब चित्पावन, बांद्याच्या नबाबाच्या पदरी असलेले आणि काशीत स्थायिक झालेले. शास्त्राध्ययन पक्के. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने मतपरीक्षा हा ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे मंडन केले, तेव्हा त्याच्या खंडनार्थ विशीच्या आसपासच्या नीलकंठशास्त्र्यांनी शास्त्रतत्त्वविनिर्णय हा संस्कृत ग्रंथ रचला. मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडे ते गेले तेही वाद घालण्यासाठी. वाद करता करता स्वतःच्याच मनाशी वाद सुरू झाला आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीलकंठाचे नेहेम्या झाले. पुढे १८६० साली त्यांनी षड्दर्शन दर्पण हा हिंदी ग्रंथ लिहिला आणि ज्या दर्शनांवर ते वाढले त्यांचेच खंडन केले. १८७० साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. उत्तर आयुष्यात पुण्या-मुंबईकडे ते विरक्तासारखे राहिले आणि १८९५ साली मुंबईस वारले. पंडिता रमाबाईंनी आपल्या धर्मांतरात त्यांच्या लेखनाचा वाटा मान्य केला आहे. जन्मभर शंकांनी पोळलेला आणि तरीही मागे न फिरलेला असा हा मनुष्य होता. त्यांच्या मतांशी आमचे जुळत नाही. परंतु विद्या, मान, घराणे, वारसा हे सारे देवाचे म्हणून देवापुढे ठेवून देणे कशास म्हणतात, हे पाहावयाचे असेल तर त्यांच्याकडेच बोट दाखवावे लागते.

पण त्यांनी काय काय ठेवले याची यादी करू गेल्यास तीत काही नावे अशी येतात की ज्यांची संमती कोणी विचारली नव्हती. वडील होते. काशीसारख्या क्षेत्रात शास्त्र्याचा मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे बापाने कोणते तोंड घेऊन घाटावर उतरावे? पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्या पुढे पतीकडे आल्या, थोडा काळ संसार झाला, १८५३ साली काशीतच मुलगी झाली, आणि लक्ष्मीबाई लवकरच वारल्या. पुढल्याच वर्षी नेहेम्या महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेस गेले. मुलगी निळीच्या धंद्यातील एका इंग्रज दांपत्याने वाढविली. १८५७ च्या धामधुमीत त्यांची मालमत्ता बुडाली, तेव्हा ती एका मिशनरी कुटुंबात गेली आणि १८६५ साली त्यांच्याबरोबर समुद्रापार गेली. तिचे नाव एलन लक्ष्मी गोरे. नावाच्या मधोमध आई तेवढी राहिली.

लक्ष्मीबाई हे नाव उच्चारताच मराठी वाचकास दुसऱ्या लक्ष्मीबाई आठवतील. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली, गोरे वारले त्याच वर्षी, बाप्तिस्मा घेतला, आणि मागे राहिलेल्या पत्नीचे काय झाले हे तिने स्वतःच स्मृतिचित्रांत लिहून ठेवले. म्हणून टिळकांच्या त्यागाची दुसरी बाजू आपणांस ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असूनही टिळकांवरील प्रेम कमी होत नाही. गोऱ्यांच्या लक्ष्मीबाईंनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचा रकाना कोराच आहे.

हा दोष एका धर्माचा आहे असे कोणी समजू नये. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सनातनी वैदिक. अतिथी आणि यात्रेकरू यांच्यापायी त्यांनी घरदार घालविले, बायकामुलांसह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत ते फिरले, आणि दुष्काळात हाती होते तेही देव प्रसन्न व्हावा म्हणून दानात आणि ब्राह्मणभोजनात वेचले. मग अन्नावाचून दिवस आले. १८७४ च्या सुमारास ते गेले. पाठोपाठ पत्नी आणि थोरली मुलगी गेली. अनंतशास्त्र्यांहून निर्मळ दाता शोधून सापडणार नाही. पण त्यांनी देवास जे दिले त्यात मुलीच्या ताटातील भात होता. पुढे केडगावच्या मुक्तीत मध्य प्रांतातील दुष्काळातून शेकडो मुली आणून रमाबाईंनी त्यांस प्रथम जेवू घातले आणि लगेच विणकामास, छापखान्यास, अक्षरांस लावले. यात त्या भाताची आठवण असावी असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

आता आमच्याविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धास काशीत अन्नदान घालावे असे आम्ही योजिले. मोठी रक्कम लागणार होती. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे तेवढे हाताशी होते. तिला दूरध्वनीवर विचारले तर ती म्हणाली, "देवाचं आधी कर रे बाळा. मला काय आता सुईत दोरा ओवायचा आहे?" आम्हांस हवे होते तेच उत्तर मिळाले. अन्नदान थाटात झाले. चार महिन्यांनी गावाकडे संध्याकाळच्या वेळी उंबऱ्याचा अंदाज न येऊन ती पडली आणि तिचे मनगट मोडले.

आम्ही रजेवरून परत आलो तेव्हा नगरकर सहकाऱ्यांनी सारे ऐकून घेतले. सांत्वनाचे एक अक्षर ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले पुस्तक आणले, मार्काच्या शुभवर्तमानातील सातवा अध्याय उघडला आणि एका जागी बोट ठेवले. तेथे येशू शास्त्र्यांस खडसावतो आहे. कोणी आईबापांस म्हणाला, की माझ्याकडून तुम्हांस जे मिळावयाचे ते मी कर्बान म्हणजे देवास अर्पण केले आहे, तर तुम्ही त्याला आईबापांसाठी काहीच करू देत नाही, आणि अशा रीतीने देवाचीच आज्ञा रद्द करता, असा त्याचा आरोप आहे. ज्या दैवताच्या नावे दिले तेच दैवत ती रक्कम नाकारते! आमच्या दृष्टांतात सांगावयाचे म्हणजे हे चलन चुकीच्या लेखाशीर्षाखाली भरलेले, म्हणून परत आलेले.

याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंत लोक दानपेटीत पुष्कळ टाकीत असता तिने दोन टोल्या टाकल्या, आणि तीच सर्वांत मोठी देणगी असे येशू म्हणाला. हा प्रसंग चर्चमध्ये दानाच्या दिवशी हमखास वाचतात असे सहकाऱ्यांनीच सांगितले. पण त्याच्या वरच्याच ओळींकडे क्वचितच कोणी लक्ष देतो. तेथे लांब लांब प्रार्थना करीत विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार आहे. मग त्या दोन टोल्या पेटीत पडताना पाहून येशूस कौतुक वाटले की संताप आला? दोन्ही वाटले असावे. काशीत मरण यावे म्हणून आपल्या मुलखातून येऊन दुर्गाघाटाच्या आसपास कोठडीत राहिलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी आपल्या टोल्या अशाच टाकल्या असतील. त्यांच्या श्रद्धेपुढे मस्तक नमवावे आणि पेटी धरणाऱ्याचा हात मात्र पकडावा, अशी काहीशी आमची वृत्ती झाली आहे. अन्नदानाच्या वेळी ती पेटी आम्हीच धरली होती, हेही खरे.

मग द्यावयाचे कसे? लक्सा भागात रामकृष्ण मिशनचा सेवाश्रम आहे. १९०० साली विवेकानंदांच्या वाचनाने भारावलेल्या यामिनीरंजन मजुमदार या तरुणाने रस्त्यात मरणोन्मुख पडलेली एक म्हातारी पाहिली, कोणाकडून तरी चार आणे मागून आणले आणि तिच्या दुधाची सोय केली. त्यातून ही संस्था उभी राहिली. त्याने घरातले चार आणे उचलले नाहीत आणि संकल्पही सोडला नाही. म्हातारी समोर होती एवढेच. मत्तयाच्या त्या गोंधळलेल्या लोकांत हा तरुण शोभला असता.

आणि एलन? ती १८८० साली हिंदुस्थानात परतली. विलायतेत असताना तिने रचलेले एक इंग्रजी भजन १८८३ साली मूडी यांच्या धर्मसभांतून गाजले आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये पुढे पुष्कळ वर्षे गायिले गेले. परंतु तिने आयुष्य घातले ते इकडेच. १८९७ साली तिने सेविकेची दीक्षा घेतली. अलाहाबादेस अनाथ मुलींत, पुढे कानपुरास रुग्णांत ती राबली आणि १९३७ साली वारली. आई गेलेली, बाप दुरावलेला, तीन घरांत वाढलेली ही मुलगी पोरक्या मुलींची व्यवस्था पाहत होती. बापाच्या हिशेबातील तूट तिने भरून काढली असे म्हणण्याचा मोह होतो. पण एका मनुष्याच्या खात्यातील तूट दुसऱ्याच्या शिलकेतून वळती करण्याचा अधिकार कोणास असतो हे आम्हांस माहीत नाही. कदाचित तिला त्यात तूट दिसलीच नसेल.

आईचे मनगट बसले, पण थोडे वाकडे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया आम्ही त्याच वर्षी उरकली. हाताला प्लास्टर घालून ती इस्पितळाच्या खाटेवर पडली होती, तेव्हा आम्ही मान खाली घालून बसलो होतो. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "जेवणं चांगली झाली होती ना रे? वाढायला हात आखडता नव्हता ना घेतला?" नव्हता, असे आम्ही सांगितले. तिला फार बरे वाटले. त्या अन्नदानाची पावती अजून आमच्या कागदांत आहे. तिच्यावर देणाऱ्याच्या जागी नाव आमचे आहे.