पुढचे दार, मागचे दार

मला आठवणारे माझ्या आयुष्यातील पहिले ठरवून बोललेले असत्य मी वडिलांच्या सांगण्यावरून बोललो. वय आठनऊ वर्षांचे असेल. वसईतील आमच्या वाडीतली केळीची बाग त्या वर्षी वादळवाऱ्याने आडवी झाली होती, विहिरीवरच्या इंजिनासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते, आणि दर पंधरवड्याला पेढीचा वसुलीचा माणूस सायकलवरून येत असे. सायकलची घंटा ऐकू आली की बाबा माजघराच्या दाराआड जाऊन उभे राहत आणि मला ओटीवर पाठवीत. "बाबा वाडीत गेलेत," असे मी सांगे. एकदा त्या गृहस्थांची नजर पायरीपाशी काढून ठेवलेल्या बाबांच्या वहाणांवर गेली. ते काही बोलले नाहीत. पाणी मागून प्याले, तांब्या परत दिला, "आल्यावर सांग, येऊन गेलो म्हणून," एवढे म्हणून निघून गेले. ओटीची पायरी त्यांनी कधी ओलांडली नाही.

पुढे सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला असत्यभाषणाचे निरनिराळे प्रकार शिकलो, तेव्हा त्या वहाणा डोळ्यांपुढे येत. अलीकडे त्या पुन्हा आठवल्या, त्याला निमित्त झाले गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचे. (ते पापनिवेदनासाठी आले नव्हते. येथे लिहितो आहे ते त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील गाळून.) वय चाळिशीचे, व्यवसाय मालवाहू टेम्पोचा. टेम्पोचे कर्ज पतपेढीचे. ते थकले म्हणून क्रेडिट कार्डावरून उचल केलेली. कार्डाचे थकले म्हणून मोबाइलवरच्या एका ॲपकडून पैसे घेतलेले. तासाभराच्या आमच्या संभाषणात त्यांचा फोन अकरा वेळा वाजला. एकदाही त्यांनी तो उचलला नाही. मेहुण्याला फोन गेले होते, शाळासोबत्याला गेले होते, ज्यांच्याशी केवळ एकदा भाड्याचा व्यवहार झाला अशा गिऱ्हाइकालाही गेले होते. ते म्हणाले, "फादर, मला कोणाचे बुडवायचे नाही. पण आज देता येत नाही. मी पापात आहे का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही परंपरेने सरळच दिलेले आहे. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही नसते. ज्याच्यापाशी नाही, त्याचे ऋण स्थगित होते. ते विझत मात्र नाही. संत थॉमस अक्वायनस परतफेडीविषयी विवेचन करताना सांगतात की दुसऱ्याचे आहे ते ताबडतोब परत करावे, आणि ते शक्य नसेल तर जो मुदत देऊ शकतो त्याच्याकडे मुदत मागावी. या उत्तरार्धाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मुदत मागणे ही ऋणकोवर झालेली मेहेरबानी नसून ते त्याचे कर्तव्य आहे. माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांपाशी पैसा नव्हता हे खरे. पण धनकोला देता येण्याजोगे एक देणे त्यांच्यापाशी होते, आणि नेमके तेच त्यांनी अडवून ठेवले होते. ते म्हणजे खरी हकीकत. किती आहे, किती नाही, केव्हा येईल, हे सांगणे. बेन सिराच्या ग्रंथात (तो आपल्या कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट आहे) कर्ज घेणाऱ्याचे चित्र मोठे मार्मिक आहे: पैसे मिळेपर्यंत हाताचे चुंबन घेणारा, आणि फेडण्याची वेळ आली की काळाला दोष देणारा. माझे वडील हाताचे चुंबन घेणाऱ्यांतले नव्हते. पण दाराआड उभे राहणे हाही काळाला दोष देण्याचाच एक मूक प्रकार नव्हे काय?

धनकोचा हक्क खरा असतो, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. मत्तयच्या शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दृष्टान्त सांगताना आम्ही धर्मगुरू दहा हजार तालांतांपुढे शंभर दिनार म्हणजे अगदीच चिल्लर असे सांगून मोकळे होतो. वास्तविक दिनार ही एका दिवसाची मजुरी. शंभर दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मेहनत; कोणाही कष्टकऱ्याला ती सोडून देणे जड जाईल. त्या चाकराने आपले पैसे मागितले यात त्याची चूक नव्हती. त्याने गळा धरला, आणि मागितलेली मुदत नाकारली. आपल्याकडे १९१८ साली वसईच्या कॅथलिकांनी सहकारी पतसंस्था काढली, ती गरजूला जवळच्या माणसांकडूनच कर्ज मिळावे म्हणून. पतपेढीतला पैसा शेवटी कोणाचा असतो? निवृत्त शिक्षिकेचा, विधवेचा, मुलीच्या लग्नासाठी भाजी विकून साठवणाऱ्या बाईचा. तो बुडवणाऱ्याला संस्थेची इमारत दिसते. त्या बाईचा चेहरा दिसत नाही.

तरीही हक्क मागण्याला एक सीमा आहे, आणि पवित्र शास्त्राने ती अक्षरशः उंबरठ्यावर आखून दिली आहे. अनुवादाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्र सांगते की गहाण वस्तू घेण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने स्वतः ती आणून द्यावी. गरिबाने पांघरूण गहाण टाकले असेल, तर सूर्य मावळताना ते परत करावे. कोणाचे जाते वा जात्याची वरची तळी तर गहाण घेऊच नये, कारण ते त्याचे जीवनच गहाण घेण्यासारखे आहे. किती बारीक विचार! घेणेकऱ्याला हक्क आहे. पण कर्जदाराच्या घरात कोणती वस्तू कोठे आहे, त्याच्या चुलीपाशी काय शिजते आहे, हे पाहण्याचा त्याला अधिकार नाही.

आपल्या देशाचा कायदाही याच वाटेने गेलेला दिसतो. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमानुसार न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीतही ऋणकोच्या घरातील गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. ऐपतच नसल्यामुळे कर्ज न फेडणाऱ्याला केवळ त्या कारणास्तव तुरुंगात डांबणे घटनेच्या २१व्या कलमाशी विसंगत आहे, असा निर्णय १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिला. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातच्या नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास, धमकावण्यास आणि नातलगांच्या वा मित्रांच्या खाजगीपणात शिरण्यास मनाई केली. मोबाइलवरच्या कर्जदात्या ॲपांनी फोनमधील नावांच्या यादीला हात लावू नये असेही त्याच वर्षी सांगितले. थकबाकीवरच्या दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज चढवता येणार नाही, हा २०२३ सालचा आदेश. मला यात आपल्या जुन्या दामदुपटीच्या नियमाची आठवण होते: व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये. तेव्हा मुद्दल आणि वाजवी व्याज यांबाबत सदसद्विवेकबुद्धी बांधील आहे. दंडावरच्या दंडाबाबत कर्जदाराने ताठ मानेने हुज्जत घालावी. त्यात मला काहीही गैर वाटत नाही.

नियम आहेत म्हणून ते पाळले जातात असे नाही. पूर्वीचा वसुलीवाला निदान दिसत असे. आताचा घरात न शिरताच मेहुण्याच्या लग्नमंडपात जाऊन पोहोचतो. म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटले, फोन उचला, आणि शिवी आली तर ठेवून द्या. पण आपले म्हणणे प्रत्येक संस्थेला लेखी कळवा. छळाची तक्रार आधी त्या संस्थेकडे करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एकरकमी तडजोड झालीच, तर कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि पैसे दिल्यावर बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नका. धर्मगुरूने असला व्यवहारी सल्ला द्यावा काय, असे कोणी विचारील. उपदेश ऐकण्यापुरती मनःशांती त्या माणसाला असायला हवी, एवढेच माझे उत्तर.

मग आम्ही देण्यांची यादी करायला बसलो. त्यांनी झरझर लिहिली: सर्वांत वर ॲप, मग कार्ड, मग पतपेढी. जो जितका मोठ्याने ओरडतो तितका तो वर. मी विचारले, टेम्पोवर क्लीनर आहे ना? त्याचा पगार? ते गप्प झाले. दोन महिन्यांचा राहिला होता. पतपेढीला जामीन कोण राहिले? चुलतभाऊ, आणि त्यांच्या पगारातून कपात सुरू झाल्याचे यांना वहिनीकडून कळले होते. ही दोन देणी कागदावर आलीच नव्हती, कारण ती मागायला कोणी येत नव्हते. क्लीनर तर रोज सकाळी त्यांच्याच शेजारी बसत होता.

मोशेच्या त्याच अध्यायात, पांघरुणाच्या नियमापाठोपाठ लगेच, दुसरा एक सूर्यास्त आहे. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. मला वाटते, हे दोन नियम शेजारी आले आहेत ते उगाच नव्हे. जो माणूस सकाळी कोणाच्या तगाद्याने गांजलेला असतो, तोच संध्याकाळी दुसऱ्या कोणाचे तरी थकवीत असतो. थकलेल्या देण्यांचा क्रम आपण भीतीने लावतो. तो गरजेने लावला, तर यादी बहुधा उलटी होते. अर्थात न्यायालयात हा क्रम चालेलच असे नाही, आणि बँकेचा अधिकारी तो ऐकून हसेल. पण विवेकाचे न्यायालय वेगळे आहे. त्या गृहस्थांनी यादी पुन्हा लिहिली. अजून ते कर्जमुक्त झालेले नाहीत. क्लीनरचा पगार मात्र त्यांनी तीन हप्त्यांत दिला, आणि चुलतभावाच्या घरी स्वतःहून गेले.

मला हे बोलण्याचा अधिकार किती, याची शंका आहे. बाबा २००९ साली वारले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक वही निघाली. पेढीचे सारे हप्ते तांबड्या पेन्सिलीने खोडलेले होते. शेवटच्या हप्त्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती. त्याच पानावर खाली निंदणीला येणाऱ्या तीन बायांची नावे होती. दोन खोडलेली. तिसरीपुढे "७ रोज, रु. ४२", आणि ते तसेच राहिलेले. धनको हयात नसेल तर तिच्या वारसाला द्यावे, असे नीतिशास्त्र सांगते. पण किती द्यावे? बेचाळीस रुपये देणे ही थट्टा झाली असती. बाबांनी रोज लिहून ठेवले होते म्हणून वाट सापडली: सात दिवसांची आजची मजुरी घेऊन मी पाड्यावर गेलो.

बाई वारली होती. तिची मुलगी भेटली. ती माझ्याहून थोडी मोठी असावी, लहानपणी आईबरोबर आमच्या वाडीत येत असे. मी वही दाखवली, बाबांच्या अडचणीचे वर्ष सांगितले, पेढीचा माणूस कसा दाराशी यायचा आणि बाबा कसे खचून गेले होते ते सांगितले. तिने पैसे मोजून घेतले.

"आई पण यायची ना, फादर," ती म्हणाली. "मागच्या दारानं. तुम्हीच बाहेर येऊन सांगायचात, बाबा नाहीत म्हणून."

मला ते मुळीच आठवत नव्हते. अजूनही आठवत नाही.