दुसऱ्या दिवशीही

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर उजाडायच्या आधीच बोटी लागतात. लिलावाचा गलका सुरू होतो, बर्फ फुटतो, मासळीच्या टोपल्या या डोक्यावरून त्या डोक्यावर जातात. त्या गर्दीत मोठ्यांच्या पायांतून वाट काढणारी पोरंही असतात. बोटींवर खलाशी म्हणून कर्नाटकातून, पार नेपाळमधून माणसं येतात. ज्यांचं बिऱ्हाड बरोबर असतं, त्यांच्या मुलांची फरपट होते. १ ऑगस्टला मासेमारी सुरू होते, १ जूनला बंद होते, आणि पावसाळ्यात बिऱ्हाड गावी परततं. अशा मुलाचं नाव पटावर चढणार कधी आणि टिकणार कधी?

या मुलांचा विचार करताना मला पंडिता रमाबाईंचं केडगाव आठवतं.

दुष्काळ काय असतो हे रमाबाईंनी स्वतः सोसलं होतं. १८७४ च्या सुमारास उपासमारीत त्यांचे आईवडील गेले. त्यानंतर भाऊ श्रीनिवासबरोबर त्या अन्नाला मोताद होऊन देशभर पायी हिंडल्या. म्हणूनच १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळल्यावर त्यांना घरात बसवेना. त्या तिथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. मग दौंडजवळच्या केडगावात फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या २००० च्या घरात गेली.

मुली आणणं धाडसाचं खरंच. पण माझं मन अडतं ते आणल्यानंतरच्या सकाळींवर. हाडांची काडं झालेल्या पोरीला एकदम पोटभर वाढता येत नाही. डोक्यात उवा, अंगावर फोड, रात्री अन्नाच्या भीतीने दचकून उठणं. तिला न्हाऊमाखू घालायचं, औषध लावायचं, भरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं परत करायचं. कुठून आली एवढी माणसं? मिनी एब्रम्ससारख्या मिशनरी बायका मदतीला होत्या. पण मोठा भार उचलला तो रमाबाईंनी आधी काढलेल्या शारदा सदन या शाळेत शिकून तयार झालेल्या मुलींनी. कालपर्यंत ज्यांना कुणी सांभाळलं, त्याच आता सांभाळू लागल्या. दुष्काळातून वाचलेल्या मोठ्या मुलीही धाकट्यांचं करू लागल्या. मला हे रमाबाईंचं सर्वांत मोठं काम वाटतं. ज्या पोरीला जगाने टाकून दिलं, तिच्यावर त्यांनी दुसरा जीव विश्वासाने सोपवला. पुढे अंध मुलींसाठी तिथे ब्रेल आलं, शेती, विणकाम, छापखाना आला. केडगावचं ते काम आजही चालू आहे.

रत्नागिरीकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, तेव्हा तिथे शिकायला आलेली पहिली विधवा होती आपल्या देवरुखची गोदूबाई जोशी. धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती पुढे बाया कर्वे झाली. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला, अनेक पालकांनी मुली तिथून काढून नेल्या. आधाराला आलेल्या मुलावर श्रद्धेची सक्ती होता कामा नये, हे मला मनापासून वाटतं आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण १८९६ मध्ये ज्या पोरी मरणाच्या दारात होत्या, त्यांच्याकडे त्या वेळी किती जण धावले, हेही विचारलं पाहिजे.

येशूने शिष्यांच्या मधोमध एक मूल उभं केलं, असं शुभवर्तमान सांगतं. चर्चमधून सेवेला निघणाऱ्याने ते मूल डोळ्यांसमोर ठेवावं. नमाज पढून येणाऱ्यानेही, देवाला दिवा लावून निघणाऱ्यानेही. मिरकरवाड्यातल्या पोराला आपल्याकडे कोण बघतंय याचं सोयरसुतक नसतं. उद्या परत येणार का, एवढंच ते बघत असतं. सणाच्या दिवशी खाऊ वाटून, फोटो काढून निघून गेलेली माणसं त्याने पुष्कळ पाहिलेली असतात.

तेव्हा जेटीवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात असं मूल दिसलं, तर त्याच्या आईबापांशी बोला. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही किंवा वर्ष अर्धं सरलं म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. बरंच नुकसान झालं असेल तर वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळी शिकवणी देण्याचीही त्यात तरतूद आहे. मूल संकटात असेल तर १०९८ वर फोन करा. त्याला हाताला धरून शाळेपर्यंत न्या. आणि परवा ते वर्गात आहे का, हे बघायला पुन्हा जा.